चारशे अकरावं घर

आत्याने पैज लावली ती रागात, आणि बाबांनी ती घेतली तीही रागातच. ही दोघं भावंडं शांतपणे कधी बोललीच नव्हती, त्यामुळे त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की या वेळची पैज जोडारीच्या कामावर लागली होती, आणि त्याला कोणी साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

जोडारी म्हणजे बाबांचा मुलगा आणि आत्याचा एकुलता एक भाचा. हे नाव त्याला ऑफिसात पडलं. बारा वर्षांपूर्वी त्याने एक कोड लिहिला होता, त्याचं नाव ‘जोड’. कंपनीच्या कुठल्याही प्रोग्रामला इंटरनेटवर कोणाशी बोलायचं असेल तर त्याने आधी जोडला सांगायचं, मग जोड ते काम करणार. असे त्रेचाळीस प्रोग्राम जोडच्या जिवावर बसले होते. आणि कंपनी काय करायची, तर ‘हाक’. गळ्यात घालायचं एक बटण आणि भिंतीजवळ एक डबी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं की डबी कंपनीच्या कॉम्प्युटरला कळवते आणि नातेवाइकांचे फोन वाजतात. चारशे अकरा घरांत ही हाक होती. त्यातलं एक घर आत्याचं.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून तिने उभी हयात काढली, लग्न केलं नाही, आणि स्वतःच्या दोन खोल्यांत कोणाची मिजास खपवून न घेता राहिली. मागच्या हिवाळ्यात, हाक यायच्या आधी, मोरीत पाय घसरला तेव्हा दोन तास ती थंड फरशीवर बसून होती. तेव्हापासून बाबांनी एकच टुमणं लावलं होतं: ताई, आमच्याकडे चल. आमच्याकडे म्हणजे बाप-लेक दोघंच राहतात त्या घरात, जिथे चहाचे कप तीन दिवस सिंकमध्ये एकमेकांची सोबत करतात. आत्या म्हणायची, मी कोणाच्या दारात जाणार नाही. दहा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर म्हणाली होती, आणि ते वाक्य तिने दातांत धरून ठेवलं होतं.

मग टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. तीन महिन्यांनंतरच्या एक तारखेपासून आत्याच्या वस्तीत आणि आजूबाजूला सगळीकडे इंटरनेट फक्त नव्या प्रोटोकॉलवर चालेल, जुना बंद.

बाबांनी ते पत्र आत्यासमोर फडकवलं. “बघ! आता तुझं ते गळ्यातलं लोढणंही बंद पडणार. आता तरी चल.”

“बंद का पडेल? गुंड्या आहे ना आपला.” गुंड्या म्हणजे जोडारीच. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीही.

“गुंड्या! त्याला घरातला नळ दुरुस्त करता येत नाही.”

“धाकट्या, तोंड सांभाळ. एक तारखेला सकाळी अकराला मी बटण दाबीन. तुझा फोन वाजला, तर हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाही. नाही वाजला, तर उचलून ने मला.”

“दिला शब्द?”

“दिला.”

जोडारी तिथेच बसून बिस्किट चहात बुडवत होता. अर्धं बिस्किट कपात पडलं.

आता हा नवा प्रोटोकॉल काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. जुना पत्ता चार आकड्यांचा, आटोपशीर. पण जगात यंत्रं इतकी झाली की पत्ते संपले. म्हणून नवा पत्ता काढला, जुन्याच्या चौपट लांबीचा. तो कितीही लोकांना पुरेल, पण जुन्या प्रोग्रामांच्या घशाखाली उतरत नाही. जोडारीने आपला बारा वर्षांपूर्वीचा कोड उघडला तेव्हा त्याला काय दिसलं? पत्ता ठेवायला बरोबर चार खाने, आणि शेजारी टीप: ‘यापेक्षा जास्त कधीही लागणार नाहीत.’

“कोण हा गाढव?” तो मोठ्याने म्हणाला.

“खाली सही आहे,” समोरच्या टेबलावरून खुसपटबाई म्हणाली.

खुसपटबाईचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्याने केलेल्या कामात खुसपट काढण्याचा तिला पगार मिळत असे, आणि ती तो शेवटच्या पैशापर्यंत हलाल करत असे. नाव तिला जोडारीनेच दिलं होतं. तिलाही ते आवडत असावं, कारण टिफिनवर तिने तेच लिहिलं होतं.

नुसते खाने वाढवून भागणार नव्हतं. दुखणं खोल होतं. त्रेचाळीस प्रोग्राम जोडकडे येताना हातात पत्ता घेऊनच यायचे: हे चार आकडे, इथे जोडून दे. कोणी त्या आकड्यांची बेरीज करायचा, कोणी त्यातला शेवटचा कापून घ्यायचा, एकाने तर ते वहीच्या रकान्यासारखे पंधरा अक्षरांत बसवले होते. जोडारीने ठरवलं, यापुढे कोणी पत्ता हातात घ्यायचाच नाही. प्रोग्रामने फक्त नाव सांगायचं, ‘कंपनीचा कॉम्प्युटर जोडून दे.’ त्या नावाचे पत्ते किती, जुने की नवे, हे जोड बघेल. पत्त्यांची यादी मिळेल, एकेक करून लावून बघेल, जो लागला तो दिला. म्हणजे उद्या तिसऱ्या जातीचा पत्ता आला तरी त्रेचाळीस ठिकाणी खणायला नको. एवढं सुचायला बारा वर्षं लागली याची त्याला लाज वाटली, पण कामाला लागल्यावर ती गेली.

दोन महिन्यांत खुसपटबाईने त्याच्या नाकी नऊ आणले. अखेर एका दुपारी ती म्हणाली, “ऑफिसात चालतंय. पण ऑफिसात सगळंच चालतं. खऱ्या घरात लावून बघ.”

खरं घर म्हणजे आत्याचं. महिना संपायला चार आठवडे उरले असताना जोडारी नवा जोड घातलेली डबी घेऊन तिथे गेला. आत्या खुर्चीत सरसावून बसली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि बटण दाबलं.

काही नाही. जोडारीचा फोन टेबलावर मुका पडून राहिला. त्याने डबी हलवली. त्याने कपाळ चोळलं. मग एकदम फोन वाजला.

“एक मिनिट वीस सेकंद,” आत्या म्हणाली.

“लागला ना पण!”

“लागला. मोरीत बसलेल्या बाईला एक मिनिट वीस सेकंद म्हणजे किती असतात, ठाऊक आहे तुला?” ती हे रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच त्याला ते लागलं.

चूक कुठे होती ते त्याला अर्ध्या तासात सापडलं, आणि त्याने ते आत्याला सांगितलं. तिच्या घरापर्यंत नवा पत्ता आला होता, पण पुढचा रस्ता टेलिफोन कंपनीने अजून पुरता बांधला नव्हता. जोडने यादीतला पहिला, नवा पत्ता लावला आणि पलीकडून कोणी उचलेल म्हणून शहाण्यासारखा वाट बघत बसला. ऐंशी सेकंदांनी आशा सोडली, तेव्हा कुठे जुना लावला. एक तारखेनंतर उलटं होईल, नवा लागेल आणि जुना मरेल. पण मधल्या दिवसांत कुठल्या घरात कुठला रस्ता चालू आहे हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

“जुना आधी लावू का?” तो स्वतःशीच पुटपुटला. “मग एक तारखेला तिथे ऐंशी सेकंद...”

“थांबतोस कशाला?” आत्याने विचारलं.

“म्हणजे?”

“अरे, एकाला लावून तो उचलेपर्यंत हातावर हात ठेवून का बसतोस? बोर्डावर आम्ही असं केलं असतं तर माणसं मेली असती.” आणि तिने दोन्ही हात हवेत धरले, जणू समोर बोर्ड आहे. “डॉक्टरांचा कॉल आला, की ते घरी आहेत की दवाखान्यात, कोणास ठाऊक. नियम असा, एका कॉलला एक दोरी, म्हणजे बोर्डात खोचायची ती वायर. मी काय करायची, या हाताने घरची दोरी खोचली, मनात एक-दोन म्हटलं, उत्तर नाही, की त्या हाताने दवाखान्याची खोचली. पहिली तशीच ठेवायची, काढायची नाही! ज्या बाजूने आधी हॅलो येईल ती जोडायची, दुसरी उपटायची.”

“आणि साहेब?”

“साहेब बोंबलायचे. दोन लाइनी अडवता म्हणे. म्हटलं, साहेब, बाळंतीण तुमच्या नियमाला थांबत नाही.”

जोडारी तिच्याकडे बघतच राहिला. त्याला आत्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती म्हणाली असती नाटकं करू नकोस, म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. तिथेच, तिच्या जेवणाच्या टेबलावर, त्याने जोडचा तो तुकडा नव्याने लिहिला. नव्याला लाव, पाव सेकंद बघ, तो चालू ठेवूनच जुन्याला लाव, जो आधी बोलेल तो आपला. ऐकायला चार ओळींचं काम, पण आतापर्यंत जोड एका वेळी एकच गोष्ट करायला शिकलेला. त्याला दोन्ही हातांनी काम शिकवायला चार दिवस लागले. चार दिवस आत्या समोर बसून भाजी निवडत त्याला चुका सांगत होती. कोडमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. चुका मात्र बरोबर निघत होत्या.

पाचव्या दिवशी तिने बटण दाबलं आणि तिचं बोट उठायच्या आत फोन वाजला.

“हॅलो,” जोडारी समोरच बसून फोनमध्ये म्हणाला.

“हॅलो, मी तुझी आत्या बोलतेय,” ती म्हणाली, आणि दोघं खुळ्यासारखे हसत सुटले.

काम तिथे संपलं होतं, खरं तर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन: “आज जरा उशिरा वाजली रे.” तो गेला. नोंदीत काही उशीर दिसेना. चहा झाला, एक्स्चेंजच्या दोन गोष्टी झाल्या, तो परत आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी: “आवाज बारीक येतोय.” मग: “डबीतला दिवा मला बघून मिचकतोय.” असं करता करता तीन आठवडे तो रोज दुपारी तिच्याकडे होता. खुसपटबाई म्हणाली, तुझी आत्या माझ्यापेक्षा खुसपटी आहे, तिला नोकरी देऊ या. महिना संपायच्या दोन दिवस आधी जोडारीने सामान आवरलं.

“झालं आत्या. आता नाही बिघडत. सुटलीस तू माझ्या कटकटीतून, आता मला यायला नको.”

“हो का,” आत्या म्हणाली. “बरं झालं.” आणि कप उचलून आत गेली. कप धुवायला तिला बराच वेळ लागला. पण तो आपल्याच आनंदात होता. बाबांचं नाक कापलं जाणार आणि आत्या सुखाने आपल्या घरात राहणार! पुरुषाची जात, आणि वर प्रोग्रामर.

एक तारीख उजाडली. सकाळपासून खुसपटबाई आणि अख्खं ऑफिस एकेका घरी फोन करून बटण दाबायला सांगत होतं आणि जोडारी घरी लॅपटॉपवर नोंदी बघत होता. सगळ्या नव्या पत्त्यावरून येत होत्या. साडेदहापर्यंत चारशे दहा हाका आल्या, एकही चुकली नाही. राहिलं एक घर. ते पैजेसाठी अकराला ठेवलं होतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले होते. आतल्या खोलीत त्यांनी खिडकीजवळ पलंग टाकला होता, पैज हरणार हे माहीत असूनसुद्धा. पलंगावर नवी चादर होती. जोडारीने ती पाहिली आणि तिचं दुमडलेलं टोक सरळ केलं. पण शब्द म्हणजे शब्द.

अकरा वाजले. अकरा वाजून एक मिनिट. दोन.

“वाजला नाही!” बाबा ओरडले, आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. “पडली तर नसेल रे?” त्यांनी तिचा नंबर लावला.

तिने पहिल्याच रिंगला उचलला. “काय रे धाकट्या? वाजली नाही? मी तर दाबलं की. अकराच्या ठोक्याला दाबलं.”

जोडारीने लॅपटॉप पुढे ओढला. चारशे दहा घरं, आणि आत्याचंच घर! त्याने नोंदी वर-खाली केल्या. तिची डबी दर मिनिटाला ‘मी आहे’ असं कळवत असते, ते येत होतं, नव्या पत्त्यावरून, ठणठणीत. बॅटरी भरलेली. फक्त बटण दाबल्याची नोंद नव्हती. उशिराची नाही, अर्धवट नाही, नव्हतीच. खुसपटबाईचा निरोप आला: ‘तुझ्या आत्याकडे बटण दाबलंच गेलेलं नाही. मी जाऊन बघू?’

“मी बघतो,” तो बाबांना म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन पळाला.

आत्याचं दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती, बाहेर जायची साडी नेसून, पायाशी बॅग. बटण मांडीवर.

“ये. बघ बाई, कसा दगा दिला यानं,” ती खिडकीकडे बघत म्हणाली.

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. गॅसची टाकी बंद होती. फ्रिज रिकामा, धुऊन पुसून, दार मिटू नये म्हणून फटीत घडी केलेला कागद. आत बोट फिरवलं तर कोरडा ठणठणीत. हे आज सकाळचं काम नव्हतं. खिडकीतल्या कुंड्या शेजारणीच्या गॅलरीत पोचल्या होत्या. तो ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला, आणि गेले तीन आठवडे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले, त्या बारीक आवाजासकट आणि मिचकणाऱ्या दिव्यासकट. मी किती मठ्ठ आहे, त्याला वाटलं.

बाहेर येऊन त्याने तिच्या मांडीवरचं बटण उचललं. सवयीने अंगठा त्यावर गेला. तिकडे बाबांच्या टेबलावर फोन क्षणात वाजला असता. त्याचं काम खरं ठरलं असतं.

“राहू दे,” आत्या हळूच म्हणाली. “कशाला उगाच.”

त्याने अंगठा काढला आणि बटण खिशात टाकलं.

“माझंच चुकलं आत्या,” तो म्हणाला. “कुठेतरी काहीतरी राहून गेलं.”

“असू दे रे. होतं असं,” आत्या म्हणाली आणि उठली. बॅग त्याने घेतली. कुलूप तिने स्वतः लावलं, दोनदा ओढून बघितलं.

गाडीत बसल्यावर त्याने खुसपटबाईला कळवलं: ‘येऊ नकोस. कारण घरगुती आहे.’ तिने लगेच टेस्टिंगच्या तक्त्यात चारशे अकराव्या घरापुढे ‘घरगुती’ एवढंच लिहिलं. पुढे एक प्रश्नचिन्हसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

गाडी वळेपर्यंत आत्या मागे आपल्या खिडकीकडे बघत होती. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, “गुंड्या, बाकीच्यांची वाजली ना रे?”

“सगळ्यांची, आत्या. चारशे दहा.”

“लगेच?”

“लगेच. दोन्ही दोऱ्या लावल्या ना.”

“मग ठीक,” ती म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले.

बाबा फाटकातच उभे होते. त्यांना आनंद लपवता येत नव्हता, म्हणून ते ओरडत होते. “हरलीस ना? हरलीस! अगं, मी तुला आधीच सांगितलं होतं. या दिवट्याच्या भरवशावर पैज लावतेस? तीन महिने तो प्रोग्राम की काय लिहितोय, आणि ऐन वेळी एक फोन लागत नाही! काय उपयोग झाला रे तुझ्या कामाचा?”

जोडारी बॅग घेऊन मान खाली घालून उभा राहिला.

आत्या गाडीतून उतरली. भावाचा हात बाजूला केला, भाच्याच्या पाठीवर हात ठेवला.

“त्याला काही बोलू नकोस, धाकट्या,” ती म्हणाली. “तीन आठवडे रोज येत होता रे तो माझ्याकडे. रोज.”